छ म्हणजे गाडी

दुकानासाठी बटणं नि चेनी आणायला मी चीनमध्ये यीवूला जातो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "चिनी येत नाही, मग तिकडे फिरता कसे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मुख्यतः एका शब्दावर. तो शब्द 'छ'.

रोमन लिपीत तो 'चे' असा दिसतो. पहिल्या फेरीत मी 'चे, चे' करत राहिलो, कुणाला ढिम्म कळलं नाही. जीभ टाळूकडे वळवून 'छ' म्हणायचं आणि सूर वरच्या पट्टीत सपाट धरायचा. अर्थ, गाडी. आपण बैलगाडीपासून लोकलपर्यंत सगळ्यांना गाडीच म्हणतो, तसाच त्यांचा कारभार. ह्वो म्हणजे आग, म्हणून ह्वो-छ म्हणजे आगगाडी! आजीचा शब्द यीवूत भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. आपली आपण चालणारी छ म्हणजे सायकल, भाड्याने दिलेली छ म्हणजे टॅक्सी. घाटात गाडी लागते ना, तिला यून-छ; यून म्हणजे चक्कर. स्टॉपवर कुणी "छ लाय ल" म्हणालं की पिशवी उचलायची, गाडी आली.

अक्षर अवघ्या ४ रेघांचं. १९५६ पासून चीनने लिपी सुटसुटीत करायला घेतली, त्याआधीचं ७ रेघांचं रूप तैवान-हाँगकाँगमध्ये अजून चालतं. ते म्हणजे वरून पाहिलेला छकडाच: मध्ये चौकट, आरपार आस, दोन्ही टोकांना चाकं. छकड्यातला छ, असं मी डोक्यात बसवून टाकलं.

आता फजिती. शांघायची गाडी पकडायची होती. आदल्या रात्री शब्दकोशात 'छी' म्हणजे वाफ असं वाचलेलं. (उच्चार अगदी शेणात पाय पडल्यावर आपण म्हणतो तसा, वरून खाली आपटणारा.) इंजिन वाफेवर चालायचं, तेव्हा वाफेची गाडी म्हणजे रेल्वेच, असा हिशेब करून मी टॅक्सीवाल्याला ऐटीत "छी-छ-जान" सांगितलं. जान म्हणजे स्टेशन. उभं राहण्यालाही तोच शब्द, आपल्या एसटी स्टँडसारखा.

उतरलो तर सगळीकडे बसच बस, रूळ कुठेच नाहीत. छी-छ म्हणजे मोटारगाडी, आणि तिचं जान म्हणजे बस स्टँड. मी तिकीट पुढे केलं. ते वाचून टॅक्सीवाला पोट धरून हसला. मग त्याने खिशातून लायटर काढला, माझ्या नाकासमोर पेटवला आणि लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाला, "ह्वो. ह्वो-छ."

मी मान डोलावली, परत गाडीत बसलो. आगगाडी तोवर सुटली होती.