मराठी मेलमधलं बटण कुठे कुठे मोडतं

नाटकवाल्यांचे, दिवाळी अंकवाल्यांचे, हापूस घरपोच देणाऱ्यांचे मार्केटिंग मेल कोड करून देणं हे माझं काम, आणि जवळजवळ प्रत्येक मीटिंगमधे एकच गोष्ट दिसते. सगळे वरच्या मोठ्या बॅनरवर बोलतात, फोटो, रंग, कलाकारांचे चेहरे, लोगो अजून थोडा मोठा करा, आणि बटणाबद्दल कोणी काही विचारत नाही, खरं तर अख्खा मेल त्या एका बटणासाठीच पाठवलेला असतो. त्यात २०२१ मधे ॲपलने आयओएस १५ पासून मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, म्हणजे माणसाने मेल उघडला नाही तरी ॲपलचे सर्व्हर त्यातल्या इमेज आधीच डाउनलोड करून ठेवतात, त्यामुळे ओपन रेटवर, म्हणजे किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर, विसंबून राहणं संपलं. उरलं काय तर क्लिक.

आता मेलमधलं बटण म्हणजे वेबसाइटवरचं बटण नाही हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. मेलमधे जावास्क्रिप्ट चालत नाही, वेबसाइटचा बटण टॅग इथे भरवशाचा नाही, शेवटी ती एक साधी लिंक असते जिच्यामागे आपण रंगाचा चौकोन लावलेला असतो, आणि तो चौकोन कुठे टिकतो नि कुठे गळून पडतो हे ओळखणं हेच सगळं काम.

सगळ्यात सोपा मार्ग बटणाची इमेज टाकायची, आणि तोच सगळ्यात वाईट. आउटलुक अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलमधल्या इमेज आपणहून डाउनलोड करत नाही, म्हणजे फोर्टातल्या ऑफिसमधे बसलेल्या माणसाला बटणाच्या जागी रिकामा चौकोन दिसणार, आणि विरारच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने मेल बघणाऱ्या बाईचं नेटवर्क नेमकं तेव्हाच गेलं तर तिलाही तेच. ऑल्ट टेक्स्ट (इमेजच्या जागी दिसणारा मजकूर) लिहिलेलं असेल तर निदान शब्द तरी दिसतात, पण ते बटण वाटत नाही आणि लोक पुढे सरकतात. रविवारी दुपारी शिवाजी मंदिरला प्रयोग आहे आणि शुक्रवारी रात्री मेल गेलाय, तर वाचणारा परत येऊन इमेज लोड करून बघणार नाही हो. म्हणून बटणावरचे शब्द खरा मजकूर असलेच पाहिजेत, यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही.

मजकुराचं बटण करायचं ठरलं की मग आउटलुक आडवं येतं. विंडोजवरचं आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं, हो तेच टायपिंगवालं वर्ड, आणि त्याला गोल कोपरे कळत नाहीत, लिंकला दिलेलं पॅडिंगही, म्हणजे अक्षरांभोवतीची मोकळी जागा, कळत नाही. नवीन आउटलुक वेबसारखं चालतं, तिथे हा त्रास नाही, पण माझ्या क्लायंटच्या याद्यांमधे बँकावाले, सीएवाले, कंपन्यांचे एचआरवाले भरपूर असतात आणि त्यांच्याकडे जुनंच दिसतं. तर मी करते ते असं: एका टेबलच्या खान्याला रंग द्यायचा, आत लिंक ठेवायची, पॅडिंग लिंकला द्यायचं म्हणजे जीमेल, ॲपल मेल वगैरेंमधे पूर्ण चौकोन दाबता येतो, आणि खान्याला वेगळं एमएसओ-पॅडिंग-ऑल्ट द्यायचं जे फक्त आउटलुक वाचतं, म्हणजे तिथेही चौकोन तेवढाच मोठा दिसतो. तोटा एवढाच की जुन्या आउटलुकमधे फक्त अक्षरांवर क्लिक होतं, कडेच्या रंगावर नाही, आणि कोपरे चौकोनी राहतात. एमजेएमएल, म्हणजे मेलचा कोड बनवून देणारं टूल, वापरलंत तर तेही आतून हाच कोड काढून देतं.

दुसरी पद्धत व्हीएमएलची, म्हणजे आउटलुकला कळणारी मायक्रोसॉफ्टची आकार काढायची जुनी कोड-भाषा, त्यात आउटलुकमधेही कोपरे गोल होतात आणि पूर्ण चौकोन दाबता येतो, खूप जण हीच वापरा म्हणतात. पण त्यात बटण दोनदा लिहावं लागतं, एक आउटलुकसाठी आणि एक बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे लिंकही दोनदा, आणि शेवटच्या क्षणी प्रयोगाची तारीख बदलली की एका ठिकाणी नवी लिंक आणि दुसऱ्या ठिकाणी जुनीच राहण्याची पूर्ण सोय. शिवाय रुंदी आणि उंची आकड्यात ठरवून द्यावी लागते. इंग्रजीत दोन छोट्या शब्दांचं बटण असतं तिथे चालून जातं, मराठीत नाही.

आणि मराठीतच खरी गंमत आहे, कारण मिळणारी जवळजवळ सगळी टेम्प्लेट्स इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. बटणाच्या अक्षरांमधे मोकळी जागा दिसावी म्हणून डिझायनर एक-दोन पिक्सेल लेटर-स्पेसिंग (दोन अक्षरांमधलं अंतर) टाकतो, इंग्रजीत छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषाच तुटते, प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहतं आणि शब्द वाचताना अडखळायला होतं. ते शून्य करा, नेहमी, न विचारता. मग लाइन-हाइट, म्हणजे एका ओळीला मिळणारी उंची. आउटलुकसाठी एमएसओ-लाइन-हाइट-रूल एक्झॅक्टली, म्हणजे दिलेली उंची तंतोतंत पाळ, असं लिहिलेलं असतं आणि १६ पिक्सेलच्या अक्षराला लाइन-हाइटही १६ च दिलेली असते, तिथे वर्ड सरळ अक्षराचा वरचा भाग कापून टाकतं. मी टेस्ट करताना 'नोंदणी पूर्ण करा' हेच शब्द घालून बघते कारण त्यात खाली ऊकार आहे आणि वर अनुस्वार, वेलांटी, रफार सगळं आहे, ते नीट दिसलं तर बहुतेक काहीही नीट दिसेल. १६ ला २४ द्या, श्वास घेऊ द्या अक्षरांना.

रुंदी ठरवून न देण्याचं अजून एक कारण फॉन्ट. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल दिसणार, अँड्रॉइडवर बहुधा नोटो, आयफोनवर तिसराच, त्यामुळे तोच मजकूर प्रत्येक ठिकाणी कमीजास्त जागा घेतो. आणि आपलं क्रियापद शेवटी येतं ना, तर जागा कमी पडली की 'तिकीट बुक' वर आणि बिचारं 'करा' एकटं खाली. शेवटच्या दोन शब्दांमधे नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा) टाकली की ते दोघं एकत्र खाली जातात, दिसायला फार फरक पडतो.

रंगाबद्दल माझं क्लायंटशी सगळ्यात जास्त भांडण होतं आणि ते केशरीवर होतं. एफएफ९९३३ असा कोड असलेल्या केशरीवर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, साधारण २.१ ला १ येतो, आणि वाचनीयतेचे जे डब्ल्यूसीएजीचे नियम आहेत त्यात साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाका, जवळपास १० ला १ होतो. उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोन बघा, लगेच पटेल. डार्क मोडमधे काही ॲप आपले रंग स्वतःच उलटवतात, त्यावर आपला पूर्ण ताबा नाही, त्यामुळे पाठवण्याआधी खऱ्या फोनवर बघून घ्यायचं.

बटणाची उंची ४४ च्या खाली नको, ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगलचं मटेरियल ४८ सांगतं, अंगठ्याला तेवढी जागा लागतेच. आणि 'येथे क्लिक करा' कृपया लिहू नका. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे बरेच जण स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त लिंकची यादी ऐकतात, त्यात चार वेळा 'येथे क्लिक करा' ऐकून त्यांनी काय समजायचं? 'रविवारचं तिकीट काढा' असं लिहिलं की कुठे जाणार ते कळतं.

हेही बघा की बटण मेलच्या खूप तळाशी नाही ना, कारण जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा कोड कापून टाकतं आणि तिथे पूर्ण मेल बघण्याची छोटी लिंक दाखवतं, ती फार कोणी दाबत नाही. ते १०२ इमेजचे नाही, कोडचे मोजले जातात, आणि वर्डमधून कॉपी करून टाकलेला मजकूर हा आकडा भराभर वाढवतो, तर आधी नोटपॅडमधे पेस्ट करून मगच आत घ्या.