तुम्ही विचारलंत म्हणून: आदिवासी मुलांना दुखणं कमी जाणवतं का?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांतले शिक्षक हे हमखास विचारतात, कधी नवे डॉक्टरही. "ही पोरं काटक. लागलं तरी हूं की चूं करत नाहीत." उत्तर स्पष्ट आहे: दुखतं तेवढंच. आपलं विचारणं कमी पडतं.

हा गैरसमज आपल्यापुरता नाही. अमेरिकेत अपेंडिक्स सुजलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीव्र वेदना नोंदलेल्या गोऱ्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना मॉर्फिनच्या गटातलं औषध मिळालं, कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे १२ टक्क्यांनाच. आजार तोच होता.

तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उठणारं दुखणं जुनाट मानतात. आश्रमशाळेत ते तीन महिने मोजतो कोण? वहीत दर वेळी नवी ओळ पडते, "अंगदुखी, गोळी दिली", आणि विषय संपतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाचं वेगळं पान ठेवा: तारीख, जागा, ० ते १० मधला आकडा, औषध, आणि तासाभराने पुन्हा आकडा. दोन-तीन महिन्यांची पानं चाळली की एकच गुडघा, एकच पाठ वर येते.

आकडा काढायला सहा चेहऱ्यांचं चित्र वापरा. चार वर्षांपुढच्या मुलांना ते जमतं. चेहरे हसरे-रडके म्हणून सांगू नका, नाहीतर मूल मनःस्थिती दाखवतं. "याला काहीच दुखत नाही, याला सगळ्यात जास्त दुखतंय, तुझा कुठला?" एवढंच विचारा, शक्यतो मुलाच्या घरच्या बोलीत आणि वर्गासमोर नको. "सोंग करतोस का?" हे एकदा ऐकलेलं मूल पुढे तोंड उघडत नाही.

संध्याकाळी दोन्ही पाय दुखतात, सकाळी मूल पळतं, लंगडत नाही: हे बहुधा वाढीच्या वयातलं दुखणं. एकच जागा, सूज, ताप, सकाळचा ताठरपणा किंवा लंगडणं दिसलं, तर डॉक्टरांकडे न्या.

आदिवासी मुलाची हाडं वारंवार ठणकत असतील तर सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, आधी आठवला पाहिजे. तान्ह्या बाळात हातापायांचे पंजे सुजणं ही बऱ्याचदा त्याची पहिली खूण असते. सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली, साधी चाचणी वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, लागते. पहिली चाचणी झाली की पुढची राहूनच जाते, ही नेहमीची गफलत. थंडी, कमी पाणी आणि ताप यांनी कळ उठते, म्हणून हिवाळ्यात अंघोळीला गरम पाणी हवंच. दुखऱ्या जागी बर्फ लावू नका, कोमट शेक द्या.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. इथे बाटली दगा देते. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, तसं २५० चंही. २० किलोच्या मुलाला २५० चं ५ मिली पुरतं. १२० चं तेवढंच दिलं तर डोस निम्मा पडतो आणि "औषध दिलं तरी कुरकुरतोय" असा शेरा मुलाच्या माथी बसतो.

सिकलसेलच्या मुलाला १०१ अंश ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक फिकेपणा, पोट फुगणं किंवा एका बाजूची कमजोरी दिसली तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि वहीचं ते पान मुलाबरोबर रुग्णालयात पाठवा.