एपिडॉरसला रात्रीचं नाटक बघायचं असेल तर : माझा अनुभव

ग्रीसमधलं एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह दिवसा बघून येणारे पुष्कळ असतात. बसमधून उतरायचं, मधोमध नाणं टाकून त्याचा आवाज ऐकायचा, चार फोटो काढायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. पण हे बांधलंय नाटकासाठी, आणि सोफोक्लीस, युरिपिडीस, अ‍ॅरिस्टोफनीस या प्राचीन ग्रीक नाटककारांची नाटकं तिथे आजही दर उन्हाळ्यात होतात. त्यामुळे माझं सांगणं असं की जायचं तर प्रयोगालाच जावं. आणि तिकीट काढायच्या आधी कुठे बसायचं ते ठरवावं, कारण तिथे काय दिसतं हे बऱ्याच अंशी जागेवर ठरतं.

आधुनिक काळातला पहिला प्रयोग इथे 1938 मध्ये झाला, सोफोक्लीसची ‘इलेक्ट्रा’. 1955 पासून इथला नाट्यमहोत्सव नियमित सुरू झाला. प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये, बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी, रात्री 9 वाजता. एक नाटक साधारण दोन-तीन रात्रीच असतं, मग पुढच्या आठवड्यात दुसरं. म्हणजे ‘आपण ग्रीसमध्ये असू तेव्हा बघू’ असं म्हणून चालत नाही; आधी नाटक आणि शुक्रवार-शनिवार धरायचा, मग बाकीचा प्रवास त्याभोवती बसवायचा. ग्रीसला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी द्यावा लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच वेळ लागतो, त्यामुळे कार्यक्रम जाहीर झाला की लगेच हालचाल करावी.

तिकिटं महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. आपल्याकडच्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करून ठेवा. नाहीतर जागा निवडून झाल्यावर पैसे भरताना व्यवहार अडकतो आणि तेवढ्यात जागा सुटते. ओटीपी येणारं सिम चालू हवं, हेही त्यातच आलं.

आता जागा. प्रेक्षागार डोंगराच्या उतारावर कोरलेलं आहे, एकूण 55 ओळी. खालच्या भागात 34, मग एक आडवा रुंद रस्ता, आणि वर 21. वरचा भाग नंतरच्या काळात जोडलेला. खालचा भाग उभ्या पायऱ्यांनी 12 पाचरींमध्ये विभागला आहे, वरचा 22 मध्ये. समोर सुमारे 20 मीटर व्यासाचं मातीचं गोल अंगण, तेच कोरसचं, म्हणजे नाटकातल्या समूहाचं, नाचण्या-गाण्याचं ठिकाण. त्याच्या मागे मूळ रंगमंचाचा फक्त पाया उरला आहे, तिथे दर नाटकाचं तात्पुरतं नेपथ्य उभं राहतं.

आपली सवय पुढची रांग पकडायची. इथे ती सवय सोडा. पुढून चेहरे छान दिसतात, पण कोरसची माणसं एकमेकांच्या आड जातात आणि त्या गोलात त्यांनी काढलेली आकृती कळतच नाही. ग्रीक शोकांतिकेत कोरस म्हणजे अर्धं नाटक. सोफोक्लीसच्या काळात त्यात 15 जण असत. आज दिग्दर्शकाच्या मर्जीप्रमाणे कमी-जास्त. ती माणसं फाकतात, गोळा होतात, एकाच पात्राला घेरतात, हे वरूनच दिसतं. मी खालच्या भागाच्या शेवटच्या दहा ओळींत, मधल्या चार पाचरींत जागा शोधते. तिथून उपशीर्षकांचे पडदे आणि नट एकाच नजरेत येतात, मान वळवावी लागत नाही. नाटक आधुनिक ग्रीकमध्ये असतं आणि इंग्रजी उपशीर्षकं रंगमंचाच्या बाजूला दिसतात, म्हणून ही गोष्ट लहान नाही. दोन्ही टोकांच्या पाचरी मात्र स्वस्त असल्या तरी टाळा. प्रेक्षागार अर्धवर्तुळापेक्षा जास्त वळलेलं आहे, त्यामुळे टोकाला बसणाऱ्याला नेपथ्य तिरपं दिसतं आणि नटांची पाठ जास्त. पैसे वाचवायचे तर टोकापेक्षा वरच्या 21 ओळींतली मधली जागा कितीतरी बरी. तिकिटावर आसनक्रमांक आहे की नाही तेवढं बघा. नसेल तर दार उघडताच आत जावं लागतं.

पोहोचताना सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. समुद्रकाठी ‘जुनं एपिडॉरस’ नावाचं गाव आहे, तिथेही एक छोटं प्राचीन नाट्यगृह आहे आणि त्यातही महोत्सवाचे कार्यक्रम होतात. मोठं नाट्यगृह तिथे नाही. ते आत, लिगुरिओ गावाजवळ, अ‍ॅस्क्लेपिअस या आरोग्यदेवाच्या क्षेत्रात आहे. नकाशात नुसतं ‘एपिडॉरस’ टाकलं तर गाडी समुद्रावर जाऊ शकते. तिकिटावरचं ठिकाण वाचा आणि नकाशात लिगुरिओ गाठा.

अथेन्सहून गाडीने दोन-सव्वादोन तास. कॉरिंथपर्यंत टोलचा महामार्ग, कालवा ओलांडला की वळणावळणाचा रस्ता. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं अथेन्स शहराबाहेर पडत असतं, त्यामुळे एक तास जादा धरा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. गाडी नको असेल तर प्रयोगाच्या दिवशी अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून खास बस सुटते, ती नाटक संपल्यावर परत आणते. परतीचं तिकीट जातानाच काढा. अथेन्सला पोहोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजून जातात आणि स्थानकाला लागून मेट्रो नाही, टॅक्सीच करावी लागते. मला विचाराल तर मुक्काम नाफ्प्लियोला करावा. ते अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तिथूनही प्रयोगाच्या रात्री बस असते आणि शहरही राहण्यासारखं आहे.

साडेसातपर्यंत वाहनतळावर असावं. तिथून पाइनच्या झाडांतून चढती वाट आहे, दहा मिनिटांची. आत पायऱ्या चढायच्या, आणि त्या हजारो वर्षांपूर्वीच्या, घासलेल्या दगडाच्या. टाचांच्या चपला चालत नाहीत, दगडाला इजा होते म्हणून अडवतात. रबरी तळव्याचे सपाट बूट घाला. पाण्याशिवाय खाण्यापिण्याचं काही आत नेता येत नाही, म्हणून पोटात काहीतरी घालून जा आणि स्वच्छतागृह खालीच उरकून घ्या. नाटकाला बहुधा मध्यंतर नसतं, दीड-दोन तास सलग. उशिरा येणाऱ्याला सहज आत सोडत नाहीत, आणि मध्ये उठलात तर पुन्हा जागेवर जाणं अवघड. आपल्या दशावतारात मध्येच उठून चहा मारून येता येतं, तसं इथे नाही.

बसायचा दगड जवळून बघण्यासारखा आहे. प्रत्येक आसनाची पुढची बाजू आतल्या अंगाला खोलगट कोरलेली आहे, म्हणजे पाय मागे ओढून घेता येतात आणि ये-जा करणाऱ्याला वाट मिळते. आसनाच्या मागच्या पट्टीत जरा खोल खाच आहे, ती मागच्या माणसाच्या पावलांसाठी. पाठ टेकायला काही नाही. टेकायची आसनं मानकऱ्यांच्या मोजक्या रांगांनाच. उशी तिथे मिळते, पण ती पातळ असते. आपली सुती गोधडी चार घड्या करून नेली तर कंबर वाचते. दिवसभर तापलेला दगड नऊ वाजताही ऊबदार असतो, पण रात्र चढली की झाडीतून वारा सुटतो, तेव्हा अंगावर एक ओढणी किंवा पातळ स्वेटर हवा.

जुलैच्या मध्यावर सूर्य पावणेनऊच्या आसपास मावळतो. म्हणून जुलैतला प्रयोग संधिप्रकाशात सुरू होतो, झाडांतले सिकाडे (रातकिड्यांसारखे किडे) किरकिरत असतात आणि पहिल्या प्रवेशात दिव्यांचं काम कमीच. ऑगस्टच्या शेवटी नऊला पुरता अंधार असतो. निवड करता आली तर मी जुलै घेते, कारण कोरस बाजूच्या दगडी दारांतून आत येतो तेव्हा मागचे डोंगर अजून दिसत असतात.

आवाजाबद्दल फार बोललं जातं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं, की दगडी ओळींचा तो पायऱ्यापायऱ्यांचा पृष्ठभाग सुमारे 500 हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खर्जातला, आवाज दाबतो. गर्दीची कुजबुज आणि वाऱ्याचा घोष कमी होतो, माणसाचे शब्द स्पष्ट राहतात. पुढे डच संशोधकांनी मोजमाप करून सांगितलं, की पुटपुटलेलं शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही खरं. शेवटची ओळ मध्यापासून सुमारे 60 मीटरवर आहे; नटाने फेक नीट केली तर शब्द तिथवर येतो, आणि तो गोल अंगणाच्या मधोमध असलेल्या दगडाच्या आसपास उभा असेल तर आणखी चांगला. पाठमोरा होऊन बोलला की आवाज लगेच पडतो. काही निर्मिती माइक वापरतात. त्यात फसवणूक वगैरे काही नाही, पण बिनमाइकचं ऐकायला मिळालं तर ते सोडू नका.

नाटक आधी वाचून जा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. एस्किलसची सात, सोफोक्लीसची सात, युरिपिडीसच्या नावावर एकोणीस आणि अ‍ॅरिस्टोफनीसची अकरा एवढीच त्यांची नाटकं पूर्ण उरली आहेत, म्हणून तीच पुन्हा पुन्हा होतात आणि संहिता सहज मिळते. कोण कुणाचा कोण, हे डोक्यात असलं की उपशीर्षकांवर डोळे खिळवावे लागत नाहीत. कोरसच्या गाण्यांत पुराणातली इतकी नावं येतात की वाचत बसलात तर समोरचा गोल बघायचा राहतो.

नाटक संपलं की हजारो लोक एकाच रस्त्याला लागतात. गाडीकडे धावू नका, तासभर पुढे सरकत नाही. लिगुरिओत खानावळी मध्यरात्रीनंतरही सुरू असतात. ‘लिओनिदास’मध्ये नटमंडळीही जेवायला येतात आणि भिंतींवर जुन्या कलाकारांचे फोटो आहेत, तिथे टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. बसने आला असाल तर मात्र सरळ बसच गाठा. कोणती बस कुठल्या गावाची ते उतरतानाच बघून ठेवा, कारण परतताना सगळ्या बस एका ओळीत अंधारात उभ्या असतात.