खालची कवळी डबीत का पडून राहते

आईचे उरलेले खालचे दात मागच्या वर्षी काढावे लागले आणि वरची-खालची अशी संपूर्ण कवळी करायची ठरली, तेव्हा नात्यागोत्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून एकच अनुभव ऐकायला मिळाला. वरची कवळी माणसे वापरतात, खालची मात्र थोड्याच काळात पाण्याच्या डबीत जाऊन पडते आणि मग घरातली तरुण मंडळी म्हणतात, “एवढे पैसे घालून करून दिली, पण आजी लावतच नाहीत.” हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. खालची कवळी न टिकण्यामागे शरीररचनेची ठोस कारणे आहेत आणि ती घरच्यांनी समजून घेतली, तर त्यातल्या बऱ्याच अडचणींवर वेळेत उपाय करता येतो. आईबरोबर दवाखान्यात बसून जे समजले आणि नंतर वाचून जे पडताळून पाहिले, ते येथे मांडत आहे.

जबड्याच्या ज्या कडेत दात रोवलेले असतात, ते हाड दातांसाठीच असते. दात गेला की त्या हाडावरचा रोजचा ताण थांबतो आणि ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते, नंतर मंदावते, पण आयुष्यभर थांबत नाही. त्याच व्यक्तींची 25 वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणी करत राहिलेला एक प्रसिद्ध अभ्यास 1972 साली प्रकाशित झाला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणजे ज्या कडेवर खालची कवळी टेकायची, तीच वर्षागणिक खाली खाली जात राहते.

वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो. तिचा पातळ पत्रा टाळूवर नेमका बसला, मध्ये लाळेचा पातळ थर राहिला आणि कडेने हवा आत शिरली नाही, तर ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटाव्यात तशी ती चिकटून राहते. खालच्या कवळीच्या वाट्याला हे सुख येत नाही. मध्ये जीभ असल्यामुळे ती घोड्याच्या नालेच्या आकाराचीच करावी लागते, तिला मिळणारी जागा वरच्याच्या जवळपास निम्मी असते आणि गिळताना, बोलताना तोंडाचा तळ सतत वर-खाली होत असल्याने तिच्या कडा हवाबंद राहत नाहीत. जीभ आणि गाल यांच्या स्नायूंनी दोन्ही बाजूंनी तिला तोलून धरायचे असते. हे कौशल्य वयाच्या सत्तरीत नव्याने शिकायचे असते, हे आपण विसरतो.

कवळी तोंडात राहावी कशी, हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1789 साली शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंतासारख्या वस्तू, माणसांचे आणि जनावरांचे दात वापरलेले होते, आणि वरचा व खालचा भाग जागेवर राहावा म्हणून मध्ये स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. जपानमध्ये मात्र त्याच्याही कितीतरी आधी लाकूड कोरून टाळूला नेमकी बसणारी कवळी करत असत. 1538 साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची अशी लाकडी कवळी वाकायामा येथे जपलेली आहे. स्प्रिंगेच्या जोरावर नव्हे, तर नेमक्या बसण्यावर कवळी टिकते, हे त्या कारागिरांनी ओळखले होते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. आज आपण वापरतो ते गुलाबी अ‍ॅक्रिलिक 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात आले आणि त्याने त्याआधीच्या कडक केलेल्या रबराची जागा घेतली.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आईच्या पिढीतल्या, विशेषतः खेड्यांतल्या, कित्येक बायकांनी लहानपणापासून दातांना मिश्री लावली. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांना दुखावते, पण दुखणे मात्र जाणवू देत नाही. हिरड्यांच्या आजारात दात हलू लागतात ते मुळाभोवतीचे हाड संपत चालल्यामुळे. “पडेल तेव्हा पडेल” म्हणून असे हलणारे दात वर्षानुवर्षे ठेवले, की शेवटी दात जातात तेव्हा कवळीला टेकायला हाडही फारसे उरलेले नसते. उलट एखाद-दुसरा दात, विशेषतः सुळा, मुळाशी घट्ट असेल तर सरसकट सगळे काढून टाकण्याची घाई करू नये. अशा दाताचे रूट कॅनॉल करून तो हिरडीलगत कापतात आणि त्या मुळावरून कवळी बसवतात. मूळ जागेवर राहिल्याने त्याच्याभोवतीचे हाड टिकते. सगळे दात काढण्याचा निर्णय होण्यापूर्वी हा पर्याय आपल्या बाबतीत शक्य आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

माप घेण्याचे काम एका बैठकीत होत नाही, आणि होऊ नये. आधी ढोबळ माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात, त्यावरून माप घेण्यासाठी त्या रुग्णापुरता खास ट्रे तयार होतो आणि मग त्या ट्रेने दुसरे, नेमके माप घेतात. या वेळी ओठ पुढे काढायला, गाल ओढायला, जीभ बाहेर आणि दोन्ही बाजूंना न्यायला सांगतात, कारण स्नायू हलताना कवळीची कड कुठवर यावी, ते त्यावरून ठरते. तिसऱ्या बैठकीत मेणाच्या कडा तोंडात बसवून दोन्ही जबड्यांमधली उंची ठरवतात. ही उंची जास्त झाली तर बोलताना दातांवर दात आपटतात आणि जबडा दुखतो. कमी झाली तर गाल बसतात, ओठांचे कोपरे सतत ओले राहून चिरतात आणि कवळी असूनही चेहरा बोळक्यासारखा दिसतो.

त्यानंतर मेणात दात लावून ते तोंडात घालून पाहतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच बैठक सर्वांत मोलाची आहे, कारण पक्के अ‍ॅक्रिलिक होण्यापूर्वी दात सहज हलवता येतात, पुढे-मागे करता येतात, बदलता येतात. अडचण अशी, की आपली वडीलधारी माणसे डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. आईने पहिल्यांदा आरशात पाहून नुसतीच मान हलवली. बरोबर गेलेल्या माणसाने अशा वेळी थांबावे, त्यांना दोन-चार वाक्ये बोलू द्यावीत, हसून पाहायला सांगावे. जुना फोटो असेल तर तो बरोबर न्यावा, म्हणजे दातांचा आकार आणि ठेवण त्यावरून जुळवता येते. रंग फार पांढरा निवडण्याचा मोह टाळावा. आमच्या डॉक्टरांनी आईला साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोठ्याने म्हणायला लावले. साठ, एकसष्ट, बासष्ट असे करत सत्तरपर्यंतच्या प्रत्येक आकड्यात ‘स’ येतो, आणि पुढच्या दातांची जागा चुकली असेल तर तो ‘स’ शिट्टीसारखा किंवा ‘श’सारखा उमटतो. कवळी तपासण्याची इतकी सोपी आणि नेमकी रीत मराठीत आपोआप उपलब्ध आहे, याचा मला फार आनंद झाला.

पहिले काही आठवडे कसोटीचे असतात आणि बहुतेक कवळ्या याच काळात डबीत जातात. तोंडाला ती परकी वस्तू वाटते, त्यामुळे लाळ जास्त सुटते. ते कमी होते. एखाद्या जागी घासून हिरडी सोलवटते. अशा वेळी घरी कानशीने किंवा चाकूने घासाघीस कधीही करू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि जाण्यापूर्वी काही तास कवळी लावलेली असावी, म्हणजे नेमकी कुठे टोचते त्याची खूण हिरडीवर दिसते. खालची कवळी वारंवार उचलली जात असेल, तर जिभेकडे लक्ष द्यावे. पुष्कळांना तोंड उघडताना जीभ मागे ओढून घेण्याची सवय असते, आणि जीभ मागे गेली की कवळी सुटते. जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे अलगद टेकवून ठेवायची सवय लावली, की फरक पडतो. बोलण्याच्या सरावासाठी पोथी किंवा वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे उत्तम.

खाण्याच्या बाबतीत अपेक्षा खरी असावी. संपूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या साधारण चौथा ते पाचवा हिस्सा एवढीच असते. सुरुवात मेतकूट-भात, मऊ खिचडी, शिजलेल्या भाज्या यांनी करावी; मग पोळीचे लहान तुकडे, आणि हात बसल्यावर आमटीत कुस्करलेली भाकरी. पेरू किंवा आंबा पुढच्या दातांनी तोडायला गेले की कवळी मागून उचकटते, म्हणून फळांच्या फोडी करून द्याव्यात. घास दोन्ही बाजूंना वाटून घेऊन चावला तर कवळी कलत नाही. तीळ आणि पेरूच्या बिया कवळीखाली शिरून फार टोचतात, हे आईने संक्रांतीला अनुभवले. कवळी नाही म्हणून केवळ चहा-बिस्कीट आणि मऊ भातावर दिवस काढणारी माणसे फळे, कोशिंबिरी, कडधान्ये यांना मुकतात, आणि माझ्या दृष्टीने कवळी नीट बसवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. चेहरा उजळतो हे खरेच, पण ताट भरलेले राहते हे त्याहून महत्त्वाचे.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, त्याने तिचा आकार बिघडतो. टूथपेस्टमधल्या कणांनी अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात, म्हणून साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. रात्रंदिवस लावून ठेवल्यास टाळूवर बुरशीचा संसर्ग होऊन तो लालभडक होतो. जपानमध्ये 85 वर्षांवरील व्यक्तींवर झालेला आणि 2015 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो, की कवळी लावूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक होता. कवळीशिवाय कोणी पाहू नये म्हणून रात्रीही ती न काढणाऱ्या आजींना हे घरच्यांनी प्रेमाने समजावले पाहिजे.

हाड झिजत असल्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होणारच. तेव्हा आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसती करता येते. चिकटवण्याची पूड हा तात्पुरता आधार आहे. सैल कवळी तिच्या भरवशावर वर्षानुवर्षे वापरली, तर हिरडीवर चुकीच्या जागी दाब पडत राहतो.

हाड फारच झिजले असेल, तर खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे टायटॅनियमचे स्क्रू, बसवून त्यांच्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांनी दाखवले आणि 1965 साली पहिल्या रुग्णावर त्याचा उपयोग केला. पुढे 2002 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असे एकमताने मांडले. तोंडभर इम्प्लांटांचा खर्च ऐकून घाबरलेल्या कुटुंबांना हा मधला मार्ग बऱ्याचदा ठाऊकच नसतो. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल, तर मात्र डॉक्टरांशी त्याबद्दल आधी मोकळेपणाने बोलावे.

खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळी खासगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. तेथे खेपा जास्त होतात, पण प्रत्येक पायरी शिक्षकांच्या देखरेखीखाली पार पडते. केंद्र सरकारच्या 2017 सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांच्या यादीत चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. कर्नाटकाने तर 2014 पासून केवळ कवळीसाठी स्वतंत्र योजना राबवली. मात्र काठी हातात दिली की काम संपते, तसे कवळीचे होत नाही. ती बसवल्यानंतरच्या दोन-तीन तपासण्यांची सोय नसेल, तर सरकारी खर्चाने केलेली कवळीही डबीतच जाईल, म्हणून त्या तपासण्या योजनेतच धरलेल्या असाव्यात, असे मला तळमळीने वाटते.

एक छोटी गोष्ट राहिली. कवळी तयार होत असतानाच तिच्या आतल्या बाजूला नाव घालून मिळते का, ते विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी कवळी काढून ठेवायला सांगतात आणि रुग्णालयाच्या गडबडीत रुमालात गुंडाळलेली कवळी कपड्यांबरोबर धुवायला किंवा कचऱ्यात जाते. रुग्णालयाच्या पिशवीत झाकणाची, नाव लिहिलेली डबी आधीच घालून ठेवावी.