पहिलाच आकडा शून्य

सरांनी काम दिलं ते एका ओळीचं: खासगी गाड्यांच्या ओडी क्लेमचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, वर्षाचा एकूण बोजा काढ, ९९.५ टक्क्यांचा आकडा, म्हणजे २०० पैकी १९९ वर्षांत बोजा ज्याच्या आत राहील तो, पण हवा. मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत ट्रेनी, विमागणिताच्या (अ‍ॅक्च्युरिअल) परीक्षेतला सीएस२ चा पेपर नुकताच दिलेला. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि त्यातलं विमागणिताचं ‘अ‍ॅक्च्युअर’ पॅकेज येत होतं. म्हटलं, दोन दिवसांत उरकतं.

क्लेमच्या संख्येला पॉयसन, रकमेला लॉगनॉर्मल, अशी शक्यतांची नेहमीची वितरणं घेतली. या दोन्हींतून एकूण बोजा काढणाऱ्या पॅन्जरच्या १९८१ च्या पद्धतीला रकमेचे कप्पे लागतात, ते हजार-हजाराचे पाडले. चालवलं, तर गाडी स्टेशनातून हलेचना.

दोन दिवस बिचाऱ्या लॉगनॉर्मलवर संशय घेतला. शेवटी डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर e चा उणे ९०० वा घात काढला. उत्तर: ०. ही पद्धत ‘वर्षभरात एकही क्लेम नाही’ या शक्यतेपासून सुरू होते आणि पुढचा प्रत्येक आकडा त्यावर रचते. आमचे अपेक्षित क्लेम ९००. म्हणजे दशांश चिन्हानंतर ३९० शून्यं. ‘आर’ साधारण ३२३ नंतर हात टेकतं. आणि शून्यावर काय रचणार?

तोडगा मदतपानावरच होता, मी वाचला नव्हता इतकंच. लॅम्डा, म्हणजे अपेक्षित क्लेमचा आकडा, निम्मा करायचा, ४५०, आणि आलेलं वितरण स्वतःशीच एकदा कॉन्व्हॉल्व्ह करायचं, म्हणजे तशा दोन अर्ध्या वर्षांची बेरीज करायची. सुरू झालं, लगेच दुसरी कुरकुर: आवर्तनं संपली. मर्यादा मुळात ५०० ची, हजाराच्या कप्प्यांनी ती पाच लाखांतच आटोपते. आमचा अर्ध्या वर्षाचाच बोजा कोटीच्या वर. ती तीस हजार केली.

आलेख देखणा आला. कौतुकाने क्लेम विभागातल्या मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. “छान आहे रे. पण यात हिंदमाता कुठाय?”

हिंदमाता म्हणजे पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेला दादरचा भाग. मी गप्प. मॉडेल प्रत्येक क्लेम स्वतंत्र धरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा सोसायटीतली एक गाडी बुडाली आणि शेजारची कोरडी राहिली असं थोडंच झालं!

मग पाणी तुंबण्याचे दिवस वेगळे काढले, त्या दिवशी क्लेम घोळक्याने येतील असं धरलं, आणि पॅन्जरला रामराम करून सरळ एक लाख वर्षांचं सिम्युलेशन लावलं. सरासरी जेमतेम हलली. ९९.५ टक्क्यांचा आकडा पाहून मात्र सरांनी आधी विचारलं, “एक शून्य जास्त पडलंय का?”