स्टेअरिंगचा एक दात आणि न जाणारा पिवळा दिवा

जुलैतली सोमवारची पहाट. मलकापूर सोडलं, पुढं रस्त्यात म्हशी आडव्या आल्या म्हणून हॉर्न दाबला, तर तो वाजलाच नाही. स्टेअरिंगवरची गाण्याची बटणंही मेलेली आणि समोर एअरबॅगचा दिवा लागलेला. गेले आठ-दहा दिवस स्टेअरिंग वळवताना आतून कागद चुरगाळल्यासारखा आवाज यायचा, तो काय सांगत होता ते तेव्हा कळलं. त्या दिवशी आंबा घाट मी हॉर्नशिवाय उतरले. प्रत्येक आंधळ्या वळणावर फक्त दिवे मारत. माझी नोकरी रत्नागिरीत, घर कोल्हापुरात. आठवड्याला हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता दोनदा होतो. त्यामुळं गाडीत काही बिघडलं की ते पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

गेलेला भाग होता क्लॉक स्प्रिंग. स्टेअरिंगच्या मागं एक चपटी गोल डबी असते. तिच्यात फितीसारखी रुंद, पातळ वायर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. स्टेअरिंग फिरतं, मागचा दांडा फिरतो, पण हॉर्न, बटणं आणि एअरबॅग यांची वायर तुटता कामा नये, म्हणून ही फीत स्टेअरिंगबरोबर गुंडाळते आणि उलगडते. आठ वर्षांनी माझी फीत तुटली होती. माझ्या गाडीत स्टेअरिंग किती अंश वळलंय ते मोजणारा सेन्सरही याच डबीच्या पाठीला जोडलेला आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळं घडलं.

माझे वडील, अण्णा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर होते. नवा भाग आणल्यावर ते म्हणाले, "आपण दोघं बसवू. घाई करायची न्हाई, एवढंच." शनिवारी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि पंधरा मिनिटं गाडीला हातसुद्धा लावला नाही. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते, आणि तोंडासमोर फुटणाऱ्या वस्तूशी कुणी खेळू नये. मग मागच्या छिद्रांतून स्क्रू ड्रायव्हरनं क्लिपा दाबून एअरबॅग सोडवली, पिवळा कनेक्टर काढला आणि ती बाजूच्या टेबलावर तोंड वर करून ठेवली. मधला नट पूर्ण काढला नाही, चार आटे ठेवून स्टेअरिंग हलवत राहिलो, म्हणजे ते एकदम सुटून तोंडावर येणार नाही.

नट काढायच्या आधी मी शाफ्टवर, म्हणजे स्टेअरिंग ज्याच्या दात्यांत बसतं त्या दांड्यावर, आणि स्टेअरिंगच्या मधल्या भागावर मार्करनं एक सरळ रेघ मारली होती. पण स्टेअरिंग गंजून धरलं होतं, म्हणून आम्ही गंज सोडवायचं तेल मारलं. त्या तेलानं रेघ पुसली गेली. हे आमच्या लक्षात आलं ते स्टेअरिंग हातात आल्यावर. बसवताना मी नजरेनं सरळ धरून बसवलं, नट आवळला आणि बॅटरी जोडली.

गाडी चालू केली. हॉर्न वाजला, बटणं चालली. पण डॅशबोर्डवर दोन नवे पिवळे दिवे आले: एक स्टेअरिंगच्या चित्राचा, दुसरा घसरणाऱ्या गाडीचा, म्हणजे ईएससीचा, गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा. बॅटरी काढल्यावर सेन्सर आपली जागा विसरतो, तेव्हा स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवावं, हे मला माहीत होतं. तसं केल्यावर स्टेअरिंगचा दिवा गेला. ईएससीचा मात्र तसाच राहिला. घरातल्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरनं पाहिलं तर म्हणे एकही दोष नाही. तो स्कॅनर फक्त इंजिनाचे दोष वाचतो, ब्रेकच्या कंट्रोल युनिटशी बोलतच नाही. 'दोष नाही' हे वाचून मी अर्धा दिवस उगीच निर्धास्त राहिले, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

संध्याकाळी शिरोलीच्या बाजूला हायवेवर नेली. गाडी नाकासमोर चाललीय आणि स्टेअरिंग डावीकडं किंचित कललेलं.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंटला गेलो. मशीनवर लावल्यावर चाकांचे सगळे कोन हिरव्यात आले. तिथले काका म्हणाले, "ताई, टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून देतो, दहा मिनिटांचं काम." टाय रॉड म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारे दांडे. मी हो म्हणणारच होते. अण्णांनी हात वर केला. "चाकं सरळ हायत हे तुमचंच मशीन सांगतंय. मग टाय रॉडला का हात लावायचा? एक दात चुकलाय." काकांनी पुन्हा स्क्रीन पाहिली आणि मान हलवली. पैसेही फक्त तपासणीचेच घेतले, हे त्यांचं मोठेपण.

अण्णांचं आयुष्य डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या यंत्रावर गेलंय. स्टेअरिंग काढलं तेव्हाच त्यांनी शाफ्टचे दाते मोजून ठेवले होते: छत्तीस. वर्तुळ ३६० अंशांचं, छत्तीसनं भागलं की एक दात म्हणजे बरोबर १० अंश. टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ दिसलं असतं, पण रॅकचा, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या दातेरी पट्टीचा, मध्य एका जागी आणि क्लॉक स्प्रिंगचा मध्य दुसऱ्या जागी राहिला असता. एका बाजूला फितीवर कायमचा जास्त ताण, तोही एअरबॅगची वायर जिच्यातून जाते त्या फितीवर.

तिथून ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्याचा स्कॅनर ब्रेकच्या युनिटमध्ये शिरला आणि स्पष्ट लिहून आलं: स्टेअरिंग अँगल सेन्सर, सिग्नल पटण्याजोगा नाही. मग त्यानं चालू आकडे दाखवले. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, स्टेअरिंगला कुणाचा हात नाही, आणि स्क्रीनवर उणे ११.४ अंश. एअरबॅगचा जुना दोष त्यानं पुसला, तो पुन्हा आला नाही. ईएससीचा पुसला, तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईस्तोवर दिवा हजर. "आहे तसंच शून्य धरायला लावू का?" म्हणून त्यानं करूनही पाहिलं, पण युनिटनं फरक जास्त आहे म्हणून ते नाकारलं. मला त्या यंत्राचं खरंच बरं वाटलं. चुकीला शून्य म्हणायला ते तयार नव्हतं.

हा आकडा इतका का महत्त्वाचा, ते मला त्या बाकावर बसून नीट उमगलं. ड्रायव्हरला कुठं जायचंय, हे ईएससीला कळायला हा सेन्सर हाच आधार. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते दुसरा सेन्सर सांगतो. दोन्ही जुळले नाहीत तर ईएससी एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडी रेषेत आणते. बॉशनं ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत पहिल्यांदा उत्पादनात आणली. सेकंदाला २५ वेळा ती ही तुलना करते. आता सरळ चाललेल्या गाडीला 'ड्रायव्हर अकरा अंश डावीकडं वळतोय' असं सांगणारा सेन्सर असेल, तर ईएससी बंद पडते तेच बरं. पण बंद म्हणजे बंद. पावसात, घाटात, ओल्या मातीवर ती नाही.

घरी येऊन पुन्हा सगळं: बॅटरी, पंधरा मिनिटं, एअरबॅग. या वेळी खुणेसाठी माझं लाल नेलपॉलिश वापरलं. आधी जागा पुसून कोरडी केली, मग शाफ्टपासून स्टेअरिंगच्या धातूपर्यंत एक रेघ. ती तेलानं पुसली जात नाही. स्टेअरिंग काढल्यावर क्लॉक स्प्रिंगचा मध्यही तपासला. डबी हलक्या हातानं एका बाजूला अडेपर्यंत फिरवायची, मग दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजायचे. माझ्या डबीचे पाच झाले, म्हणून अडीच मागं. तिथं डबीवरचे दोन बाण समोरासमोर येतात. मग स्टेअरिंग लाल रेघेपासून एकच दात उजवीकडं सरकवून बसवलं. अण्णांनी नवा नट टॉर्क पान्यानं मॅन्युअलात दिलेल्या ५० न्यूटन-मीटरला आवळला. पान्याचा 'कट्' आवाज आल्यावर त्यांनी हात काढून घेतला, वर एक झटकाही दिला नाही.

हायवेवर स्टेअरिंग सरळ. दिवा मात्र होताच.

सोमवारी रजा टाकून पुन्हा इलेक्ट्रिशियनकडं. स्क्रीनवर या वेळी उणे १.४. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. अकरा पूर्णांक चारातून बरोबर दहा गेले होते. उरलेला दीड अंशाच्या आतला फरक नव्या सेन्सरचा, तो यंत्रानं शिकून घ्यायचा. सपाट जागा, इंजिन चालू, चाकं सरळ, दारं बंद, कुणी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. इलेक्ट्रिशियननं शून्याची सेटिंग दिली, काही सेकंद गेले, ०.० आलं. त्यानं इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं, आकडा तोच. मग मी स्टेअरिंग पाव फेरा डावीकडं वळवलं: उणे ९०. उजवीकडं: ९०. परत मध्यावर: ०.०. दोष पुसला, रंकाळ्याला एक फेरी मारली, दिवा आला नाही. त्याची मजुरी ५०० रुपये झाली. अण्णा त्याला म्हणाले, "लेका, आकडा दाखवलास म्हणून काम झालं."

मंगळवारी पहाटे निघाले. घाटात धो धो पाऊस, खालून ढग वर येत होते. एका वळणावर डोंगरातली लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. मागचं चाक तिच्यावर थोडं सरकल्यासारखं झालं, आणि तोच पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, खालून ब्रेकची बारीक कुरकुर आली, गाडी आपल्या रेषेत आली. दिवा विझला. साखरप्याला चहाला थांबल्यावर मी अण्णांना फोन लावला.

"लुकलुकला?" त्यांनी विचारलं. "लागून न्हाई ना राहिला?"

"नाही अण्णा. दोनदा, आणि गेला."

"मग चालतंय ते," अण्णा म्हणाले. "हळू जा पुढं."