नदीकाठचा मुक्काम, आणि परतल्यावरची खाज

नदीकाठच्या जंगलात तंबू लावून राहून आलो. जागा निवांत, पाणी नितळ. मात्र ऊन उतरलं की डास आणि चिलटं अक्षरशः तुटून पडतात. तिकडे निघालेल्यांसाठी चाव्यांबद्दलच सविस्तर लिहितोय, कारण खरा त्रास परतल्यावर सुरू होतो.

डासाची लाळ कातडीत गेली की शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, त्यामुळे गांधी उठते आणि कंड सुटते. सोबतच्या मैत्रिणीच्या घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकलगत ओळीने चावे होते. संध्याकाळी ते टाचणीच्या डोक्याएवढे होते. सकाळपर्यंत अंगठ्याच्या नखाएवढे फुगले आणि एकावर पाण्याचा फोडही आला. फोड फोडायचा नाही. साबण-पाण्याने धुऊन, कापडात गुंडाळलेला बर्फ दहाएक मिनिटं धरला की खाज बरीच बसते. मग कॅलामाइन लोशन किंवा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं (सौम्य स्टिरॉइडचं) मलम, पातळ थर. जखम झाली असेल तिथे आणि चेहऱ्यावर हे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खाजेमुळे रात्री झोपच लागत नसेल तर सेटिरिझिनची (अ‍ॅलर्जीवरची) गोळी उपयोगी पडते. तिने गुंगी येऊ शकते, म्हणून घेऊन गाडी चालवू नका. लहान मुलांना मात्र विचारूनच द्या. आणि निघण्यापूर्वीच नखं कापा! खाजवून कातडी सोलली की जंतुसंसर्गाला वाट मिळते.

तंबूत शिरण्यापूर्वी एकमेकांचं अंग तपासा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर, सावकाश ओढा. तेल ओतणं, चटका देणं अजिबात नको.

पुढच्या वेळी आम्ही लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली आणि २० ते ३० टक्के डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम एवढं ठेवणारच. आधी सनस्क्रीन, त्यावर डीट.

ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट इस्पितळ गाठा. लाली पसरत गेली, पू झाला तर डॉक्टरांना दाखवा. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा चाव्याच्या जागी काळी खपली धरली, तर जंगलात राहिल्याचं त्यांना आवर्जून सांगा. औषध त्यावरून ठरतं.